नववा प्रश्न

थाबा-त्सेकाच्या शाळेत पाच दिवसांचं प्रशिक्षण.
बाहेर जुलैचा बर्फ, आत रॉकेलचा एकच हीटर,
आणि आम्ही अकरा नर्सेस कांबळ्यांत गुरफटून,
प्रत्येकीच्या हातात नऊ प्रश्नांची झेरॉक्स.

न्ताते लेबुसा म्हणाले, हे ताप मोजण्यासारखं नाही.
थर्मामीटर खोटं बोलत नाही.
माणूस बोलतो,
आणि बहुतेक वेळा समोरच्याला बरं वाटावं म्हणून.

पहिल्याच प्रश्नाला अडलो.
'गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही,
असे दिवस किती?'
सेसोथोत या रसाला शब्द शोधता शोधता चहा गार झाला.
लिनेओ म्हणाली, रसबिस राहू दे,
विचारा, भांडी घासताना गुणगुणतेस का अजून?
ते फळ्यावर गेलं.
खाली कुणीतरी खडूने लिहिलं: आणि पुरुषांना?
त्यातच मंगळवारची दुपार सरली.

शुक्रवारी प्रमाणपत्र.
सोमवारी दारात माखाउता.

तिची फाइल जाड.
डोकेदुखी, पॅरासिटामॉल. डोकेदुखी, पॅरासिटामॉल.
पाठ. पुन्हा डोकं.
पाच भेटी, त्यातल्या चार माझ्या अक्षरात.

झोप?
कुत्रा रात्रभर भुंकतो, म्हणून जागी असते.
भूक?
पीठ संपलंय. भूक आहे की नाही, कशाला बघू?
थकवा?
ओढ्यावरून दोन डबे पाणी वर आण, मग विचार.

पेन उचललं, ठेवलं.
चढाला किती गुण द्यायचे? रिकाम्या डब्याला किती?
नवरा जानेवारीत खाणीतून परतला, तो पेटीतून.
हे दुःख की आजार,
आणि दोघांमधली वेस माणूस कुठल्या महिन्यात ओलांडतो,
हे पानाच्या तळाशी बारीक टायपात होतं.
नेमकं तेव्हाच आठवेना.
आधी बोटातून रक्त घेतलं.
हिमोग्लोबिन कमी, पण एवढं सगळं अंगावर घेण्याइतकं नाही.
थायरॉइडची नळी रस्ता उघडला की खाली जाईल.

नववा प्रश्न राहिला.

आडून नाही, सरळ विचारायचा.
विचारल्याने बी पेरलं जात नाही, न्ताते म्हणाले होते,
ते आत असतं किंवा नसतं.
रविवारी परतताना मी तो घोड्याला विचारून पाहिला,
चढावर, मोठ्यांदा, चार वेळा.
घोड्याने कान हलवले.
चौथ्यांदा आवाज कापला नाही.

तिच्यापुढे कापला.
जीव द्यावासा वाटतो का, मे माखाउता?

कांबळ्याची पिन तिने काढली, लावली, काढली.
'काल नाही.
आज इथे यायचं होतं ना.'

आणि उद्या?

पिन लागली.
'उद्याचं ठरवलंय.'

पुढचं इथे लिहीत नाही.
एवढंच, की मी खुर्ची तिच्या बाजूला ओढली,
बाहेरची रांग तशीच उभी राहिली,
जिल्ह्याच्या डॉक्टरांचा फोन तीनदा तुटला, चौथ्यांदा लागला.
जाऊ येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेली.
आणि घरात जे ठेवलेलं होतं,
ते संध्याकाळपर्यंत माझ्या कपाटात आलं,
लसींच्या रजिस्टरखाली, कुलपात.

रात्री मेणबत्तीशी बसून बेरीज केली.
निदानाच्या रकान्यात शब्द लिहिला, आधी पेन्सिलीने,
मग त्यावरून पेन फिरवलं.
वरच्या चार नोंदींकडे नजर गेली.
काय सुबक अक्षर माझं.
एकही खाडाखोड नाही.

गुरुवारी ती आली, जावेबरोबर.
गोळ्यांचं बोललो, पिठाचं बोललो,
झोप तीन तास, म्हणाली.
निघताना दारात थांबली.
'आमच्याकडे कुत्रा नाही,' म्हणाली.

मी विचारलंही नव्हतं.